एकच पट्टी, पुन्हा पुन्हा: नाशिकमध्ये स्ट्रीट आणि डॉक्युमेंटरी फोटोग्राफी कशी करावी

सरकारवाड्यापासून सराफ बाजार, तिथून भांडी बाजार, मग उताराने गोदाघाट आणि रामकुंड. रमतगमत गेलं तरी वीस-पंचवीस मिनिटांत संपणारी ही पट्टी आहे. स्ट्रीट फोटोग्राफी शिकायची असेल तर पहिले तीन महिने एवढीच धरा. आठवड्यातून तीन फेऱ्या, एका फेरीला दोन तास. आज पंचवटी, उद्या सातपूर, परवा त्र्यंबक असं फिरलं की फोटो भरपूर जमतात, पण सगळे पाहुण्याने काढल्यासारखे दिसतात.

पुन्हा पुन्हा जाण्याचे दोन फायदे अगदी ठोस आहेत. पहिला म्हणजे लोकांना तुमची सवय होते. साधारण तिसऱ्या आठवड्यात दुकानदार कॅमेऱ्याकडे बघायचं सोडतात, आणि खरे फोटो तिथून सुरू होतात. दुसरा म्हणजे उजेड पाठ होतो. कोणत्या बोळात किती वाजता ऊन उतरतं आणि किती मिनिटं टिकतं, हे कुठल्याही ॲपमध्ये सापडत नाही. त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मोठा चित्रपट करण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी करत महिनाभराहून जास्त काळ टिपली होती. हा धीर आपल्याच जिल्ह्यातला आहे, तो उचलावा.

आधी उजेड

नाशिकला जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, मे अखेरीस सहाच्या सुमारास. घाटावर उगवतीच्या आधी अर्धा तास पोचा. पंचवटी नदीच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन कपालेश्वर मंदिराच्या बाजूने येतं. जुन्या नाशिकच्या काठावर उभं राहून पंचवटीकडे कॅमेरा केला की माणसं काळ्या आकृत्या होतात आणि ओल्या पायऱ्या, पाण्यावरची वाफ, उदबत्तीचा धूर चमकतो. चेहरे हवे असतील तर पूल ओलांडून पलीकडे जा आणि सूर्य पाठीशी घ्या. संध्याकाळी हेच उलटं होतं.

जुन्या नाशकातले बोळ अरुंद, वाडे उंच. थंडीत ऊन खाली जमिनीपर्यंत पोचतं ते अकरा ते एकच्या दरम्यान, तेही पट्ट्यापट्ट्यांनी. तो पट्टा शोधा, सावलीत उभे राहा आणि माणूस उन्हात येण्याची वाट बघा. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) उन्हातल्या चेहऱ्यावर ठरवा, म्हणजे मागचा बोळ आपोआप काळा पडतो. पोस्टरभरल्या भिंती, वायरींचं जंजाळ, फ्लेक्स हे सगळं त्या काळोखात बुडतं. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र दुपारी सूर्य नाशिकच्या बरोबर डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्या दिवसांत अकरा ते चार कॅमेरा पिशवीत ठेवा किंवा छपराखालची कामं टिपा.

घाटावरच्या बुधवारच्या बाजारात एक फसवणूक ठरलेली असते. भाजीवाल्यांच्या डोक्यावर निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या असतात. त्यातून गाळून आलेल्या उजेडात माणसाची त्वचा निळी नाहीतर काविळीसारखी दिसते. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची आपोआप रंग सुधारण्याची सोय) हे सुधारू शकत नाही, कारण चेहऱ्याची एक बाजू ताडपत्रीच्या रंगात आणि दुसरी रस्त्यावरच्या उन्हात असते. उपाय दोन. ताडपत्रीच्या कडेला बसलेल्या विक्रेत्याचा फोटो घ्या, तिथे बाहेरचा पांढरा उजेड चेहऱ्यावर जास्त असतो. नाहीतर ताडपत्रीच फ्रेममध्ये घ्या, म्हणजे बघणाऱ्याला रंगाचं कारण दिसतं आणि तो खटकत नाही. दोन्ही वेळी रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा.

कॅमेरा आणि त्याची मांडणी

एक बॉडी, एक लेन्स. फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २८ किंवा ३५ मिमी, एपीएस-सी म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ किंवा २३ मिमी. झूम लेन्स घेऊन नवखा माणूस जागेवर उभा राहतो आणि चालायचं विसरतो. ७०-२०० सारखी लांब लेन्स भांडी बाजारात काढली तर सगळ्यांना वाटतं, लपून काहीतरी चाललंय. लांबून चोरून काढलेल्या फोटोत माणूस सपाट दिसतो, आजूबाजूचं जग हरवतं.

उन्हात सुरुवातीची मांडणी अशी ठेवा: एफ/८ (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर १/५०० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल मर्यादा ६४००. माणसं चालत असतील तर १/२५० खाली जाऊ नका, नाहीतर पावलं आणि हात पुसट होतात. गर्दीत ऑटोफोकस मागच्या पाटीवर जातो, म्हणून झोन फोकस शिकाच. लेन्स मॅन्युअलवर टाका आणि अंतर ठरवून सोडून द्या. फुल फ्रेमवर ३५ मिमी लेन्स, एफ/८, फोकस ३ मीटरवर ठेवला तर साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २३ मिमी, एफ/८, फोकस अडीच मीटरवर असेल तर दीड मीटरपासून सुमारे १० मीटरपर्यंत. अंतराचा अंदाज घरी पक्का करा. दोन मीटर म्हणजे किती, हे टेप लावून दाराच्या चौकटीपाशी, मग रिक्षापाशी, मग माणसापाशी उभं राहून बघा. आठवडाभरात डोळ्याला कळायला लागतं.

सूर्य मावळल्यावर एफ/८ चालत नाही. एफ/२ किंवा २.८ वर या, पण मग स्पष्टतेचा पट्टा हातभर उरतो, तेव्हा ऑटोफोकसकडे परत जा आणि एकच फोकस बिंदू वापरा. दुकानांच्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, म्हणून तिथे शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं असेल तर हे पट्टे जास्त येतात. दिव्यांखाली मेकॅनिकल शटरच बरं.

मोबाइलवर काम करणाऱ्यांनी मुख्य लेन्सच वापरावी. चिमटीने झूम केलं की ती निव्वळ कात्री असते. खिशातून काढल्यावर काच सुती कापडाने पुसा. रात्री दिव्यांभोवती दिसणारा धुरकट पसारा बहुतेक वेळा बोटाच्या तेलाचा असतो. स्क्रीनवर दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो डोक्यावरच्या टोपलीची कड आणि पदराची किनार खातो, आणि डॉक्युमेंटरी कामात मागचा परिसरच पुसला तर उरतं काय?

पिशवीत दोन जादा बॅटऱ्या, ६४ जीबीची दोन कार्डं, खिशात मावणारी वही, पेन, मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि चार रबरबँड. एवढं पुरे.

विचारायचं कसं

दोन प्रकारचे फोटो असतात. एकात क्षण महत्त्वाचा असतो, तिथे आधी फोटो आणि मग संवाद. दुसऱ्यात माणूस महत्त्वाचा असतो, तिथे आधी संवाद. पण दोन्हीत संवाद असतोच. क्लिक करून नजर चुकवून निघून जाणं ही सर्वांत वाईट सवय. नजर मिळाली की मान हलवा, हसा, स्क्रीनवर फोटो दाखवा. कोणी "काढून टाका" म्हणालं तर त्यांच्यासमोर डिलीट करा, वाद घालू नका. कायदा कुणाच्या बाजूने आहे याची चर्चा बाजारात उभं राहून जिंकता येत नाही, आणि उद्या तुम्हाला त्याच रस्त्यावर यायचंय.

विचारताना साधं विचारा. "काका, तुमचं काम बघत होतो. काम चालू द्या, मी बाजूने दोन फोटो काढू का?" "मावशी, या टोपलीसकट एक फोटो घेऊ?" "फोटोशूट", "प्रोजेक्ट", "कंटेंट" हे शब्द काढले की माणूस केस सारखे करतो, पदर सावरून उभा राहतो, आणि हवा होता तो क्षण संपतो. "कशासाठी काढताय?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर आधी तयार ठेवा आणि खरं द्या. पेपरात छापायचे नसतील तर पेपरचं नाव सांगू नका. योजनेचा फायदा मिळेल, सरकार बघेल असं तर चुकूनही सूचित करू नका. गरजू माणूस त्या आशेवर महिनोन् महिने थांबतो.

तांबट आळीचं उदाहरण घ्या. तांब्याचं भांडं लोखंडी ठोकळीवर फिरवत मठारण्याचं, म्हणजे ठोकून घडवण्याचं, काम चालू असतं. हौशी फोटोग्राफर सगळ्यात आधी दारात उभा राहतो, कारण तिथून सगळं दिसतं. पण कारागिराला उजेड दारातूनच येतो. तुम्ही उभे राहिलात की त्याच्या भांड्यावर तुमची सावली पडते आणि ठोका चुकू शकतो. परवानगी घेऊन आत या, भिंतीला पाठ लावून खाली बसा, दार तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा. आता दाराचा उजेड चेहऱ्याच्या एका बाजूवर आणि भांड्याच्या गोलाईवर पडेल, प्रत्येक ठोक्याचा खळगा वेगळा दिसेल. कॅमेरा कारागिराच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. हातोडी वर गेली की उतरण्याआधी क्षणभर थांबते. त्या क्षणी १/६० लाही ती स्पष्ट येते. खाली येताना टिपली तर १/५०० लागेल. चेहरा स्थिर आणि हात पुसट हवा असेल तर १/१५ ते १/३० ठेवा, कोपर गुडघ्यावर टेकवा आणि दहा-बारा फोटो घ्या, एखादा साधेल. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि तांब्याची चकाकी पांढरीफटक पडते, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप) कमी करा. आणि निघण्याआधी पाच मिनिटं कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा. कोणतं काम कशानंतर येतं ते कळलं की पुढच्या फेरीत तुम्ही योग्य जागी आधीच बसलेले असाल.

घाटावर जपायचं ते

रामकुंडावर लोक स्नानाला येतात, तसेच अस्थी घेऊन आणि दशक्रियेसाठीही येतात. मुंडण केलेला मुलगा, हातात पिंड, बाजूला रडणारी आई. हे दृश्य कोणालाही हलवतं, म्हणूनच नवखे कॅमेरे तिकडे वळतात. तिथे नियम एकच ठेवा: घरच्या थोरल्या माणसाने होकार दिल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही. विधी चालवणाऱ्या गुरुजींना विचारून पुरत नाही. दुःख त्यांचं नाही. स्नान करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांचे फोटो घ्यायचेच नाहीत, घाट सार्वजनिक असला तरी. कपडे वाळत टाकणारे हात, पायऱ्यांवरच्या चपला, पुलावरून खाली बघणारी माणसं, दिवे सोडणारी मुलगी आणि तिचे आईवडील असं कितीतरी शिल्लक राहतं.

लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारा. संस्थेत राहणारी, काळजी व संरक्षणाची गरज असलेली किंवा पोलीस प्रकरणातली मुलं असतील तर ओळख पटेल असा फोटो प्रसिद्ध करणं बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. चेहरा झाकला पण शाळेचा गणवेश दिसतोय, हेही चालत नाही.

नाशिकरोडचे नोटांचे आणि सिक्युरिटी प्रेसचे कारखाने, देवळाली कॅम्पचा लष्करी भाग, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ या ठिकाणी कॅमेरा बंद. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. हातातला कॅमेरा चालतो, ट्रायपॉडला परवानगी लागते. मंदिरांत आत जाण्याआधी पाटी वाचा. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्याकडे कॅमेरा नेण्याचा हट्ट धरू नका. कुशावर्त कुंडापासून गल्ल्यांपर्यंत बाहेर भरपूर काम आहे.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की सगळं शहर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी मारुतीच्या कुठवर आलं यावरून पूर मोजायची नाशिककरांची जुनी रीत आहे. पुराचे फोटो पुलावरून किंवा वरच्या पायरीवरून घ्या. पाणी ओसरल्यावर दोन-तीन दिवस पायऱ्यांवर गाळ असतो आणि तो शेवाळ्यापेक्षा निसरडा असतो. खरं तर डॉक्युमेंटरीच्या दृष्टीने पुराचा दिवस कमी महत्त्वाचा आहे. पाणी उतरल्यावर भांडी बाजारात आणि सराफ बाजारात दुकानदार गाळ उपसतात, चिंब वह्या दोरीवर वाळवतात, भिंतीवर पाण्याची रेघ उरलेली असते. तो फोटो काढायला सहसा कोणी थांबत नाही.

सण आणि गर्दी

रंगपंचमीच्या रहाडी फक्त इथेच टिपता येतात. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद एरवी झाकलेले असतात आणि त्या दिवसापुरते उघडतात. दिल्ली दरवाजा, तिवंधा, शनी चौक, प्रत्येक रहाडीचा रंग आणि मान ठरलेला. आदल्या दिवशी जा. रहाड उघडणं, साफ करणं, फुलांचा रंग उकळणं, पूजा. गोष्ट तिथे आहे. पंचमीला सगळ्यांकडे तेच फोटो असतात. धप्पा मारणारा, म्हणजे रहाडीत उडी घेणारा, हवेत असताना गोठवायचा तर १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. उडी आधी एकदा बघा, पाणी किती लांब उडतं ते लक्षात घ्या, मग जागा ठरवा. कॅमेरा पिशवीत गुंडाळा, लेन्सच्या कडेला रबर लावा, पुढे साधा यूव्ही फिल्टर ठेवा. लेन्स बदलू नका. रंगाचं पाणी लागलंच तर कोरड्या कापडाने पुसण्याआधी ओलसर कापडाने टिपा. सुका रंग घासला की काचेवर ओरखडे पडतात.

धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते, चैत्रात कामदा एकादशीला राम आणि गरुडाचे रथ, ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरीला. रथाच्या बाबतीत चूक एकच होते: सगळे रथ टिपतात. रथ ओढणाऱ्यांच्या तळहातांकडे, दोरखंडाकडे, वळणावर रथाला आवर घालणाऱ्यांकडे बघा. पालखीसोबत निदान एक मुक्काम राहा. वारकरी दुपारी पाय चोळत बसतात, रात्री एका टाकीवर रांग लागते, पहाटे अंधारात आवराआवर होते. चालतानाचे फोटो सगळ्यांकडे असतात, मुक्कामाचे फार थोड्यांकडे.

आता सिंहस्थ कुंभमेळ्याविषयी, कारण २०२६-२७ जवळ आलं आहे. वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात. एका पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, दोन्हीकडे पोचण्याचा विचार सोडा. रस्ते बंद असतात. अधिकृत माध्यम ओळखपत्राची चौकशी जिल्हा माहिती कार्यालयात महिनोन् महिने आधी करा आणि छापील प्रसिद्धीची कात्रणं, संपादकाचं पत्र तयार ठेवा. ओळखपत्र नसेल तर पर्वणीचा दिवस सोडून द्या आणि तपोवनातल्या साधुग्रामात आदल्या-नंतरच्या दिवसांत काम करा. साधूंचे फोटो घ्यायला बसण्याची तयारी लागते. आधी नमस्कार, मग बोलणं, मग विचारणं. मांडव घालणारे, स्वयंपाक करणारे, रात्री झाडणारे सफाई कामगार यांना मात्र फारसं कोणी विचारत नाही. मुंबईतल्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्यांचं ते काम बघा: नाल्यात उतरणारा माणूस घरी मुलांबरोबर कसा असतो, तेही त्यात येतं.

गर्दीत जिवाची काळजी आधी. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद भागात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला. म्हणून उताराच्या, दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या बोळात उभं राहू नका. जागा धरताना बाहेर पडायचा रस्ता आधी बघा. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात एकेरी अडकवू नका, तो ओढला गेला की मान अडकते; मनगटाला गुंडाळा. लोटालोटी सुरू झाली की कॅमेरा छातीशी धरा आणि प्रवाहाला तिरके चालत कडेला या.

एक विषय घेऊन वर्षभर: कांदा

रस्त्यावर हात बसला की एक विषय घ्या. नाशिक जिल्ह्यात कांद्याइतका पूर्ण विषय दुसरा नाही, कारण त्याचं सगळं वर्तुळ दीड-दोन तासांच्या अंतरात पार पडतं. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड. वाफ्यात ओणव्या बायकांची रांग, हातात रोपांच्या जुड्या. मार्च अखेर ते मे काढणी, पात कापणं, शेतातच ढीग, मग कांदाचाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) भरणं. चाळीतला कांदा शेतकरी भावाची वाट बघत सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा विकतो. लाल कांदा दिवाळीच्या आसपास बाजारात येऊ लागतो. म्हणजे एक पूर्ण फेरा टिपायला किमान बारा महिने लागतात, आणि तेवढे द्यायची तयारी नसेल तर छोटा भाग निवडा: फक्त चाळ, किंवा फक्त लिलाव.

लिलावाला लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला सकाळी लवकर पोचा. आधी बाजार समितीच्या कार्यालयात जाऊन सांगा, लेखी अर्ज दिला तर उत्तम. ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकतो, बोली क्विंटलमागे लागते आणि एका ट्रॉलीचा निकाल पाहता पाहता लागतो. व्यापाऱ्यांच्या मागे धावलात तर पाठी मिळतील. घोळका जिकडे येणार आहे त्या ट्रॉलीपाशी, शेतकऱ्याच्या बाजूला, पाच ट्रॉल्या आधीच जाऊन थांबा. भाव पुकारला जातो त्या क्षणी कॅमेरा बोली लावणाऱ्यावर नको, ऐकणाऱ्यावर हवा. लिलावानंतर ट्रॉली वजनकाट्यावर आणि मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. तिथे निवडणाऱ्या बायका, गोण्या शिवणारे, हमाल. बहुतेक फोटोग्राफर लिलाव संपला की चहा पिऊन परत फिरतात, म्हणून खळ्यावरचं काम क्वचितच दिसतं. खळ्यावरची धूळ आणि कांद्याची फोलपटं लेन्सच्या कड्यात जातात. घरी आल्यावर ब्लोअरने उडवा, मगच ब्रश लावा.

विषय घेताना कागदावर दृश्यांची यादी करा: जागा दाखवणारा लांबचा फोटो, काम दाखवणारा मधला, हात आणि अवजार दाखवणारा जवळचा, चेहरा, दोन माणसांमधलं नातं, पैसा हातात पडतो तो क्षण, आणि काम नसतानाची वेळ. शेवटचे दोन नेहमी राहतात. हिशोबपट्टी वाचणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो घ्यायचा असेल तर आकडे दिसू द्यायचे की नाही, हे त्यालाच विचारा.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च १२ मार्चला मुंबईत थांबला. सुमारे १८० किलोमीटर. त्यातले लोकांच्या लक्षात राहिलेले फोटो मोर्च्याच्या लाल समुद्राचे होते, आणि तितकेच सोलवटलेल्या तळपायांचेही. लांबचं आणि जवळचं दोन्ही लागतं.

नाव लिहून घ्या

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. जगभर छापला गेला. पण लँग यांनी नाव विचारलं नव्हतं. त्या बाईंचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ मध्ये कळलं, आणि आपल्याला त्या फोटोतून काहीच मिळालं नाही ही त्यांची तक्रार होती. अमेरिकन छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची मुलगी शरबत गुला, तिचंही नाव २००२ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

म्हणून वही. प्रत्येक महत्त्वाच्या फोटोमागे त्याच दिवशी लिहा: पूर्ण नाव, वय, गाव, काम, तारीख, नेमकी जागा, आणि त्यांच्या तोंडचं एक वाक्य जसंच्या तसं. "कांदा निवडणारी महिला" ही कॅप्शन होत नाही. त्या कुठून येतात, दिवसाला किती गोण्या निवडतात, मजुरी रोजावर की गोणीवर, हे हवं. नाव लिहून झालं की वहीचं पान त्यांना दाखवा किंवा वाचून दाखवा. आडनावाची चूक तिथेच सुधारते. नाव छापायचं नसेल तर समासात "नाव नको" अशी खूण करा. मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करत असाल तर तेही आधी विचारा.

घरी आल्यावर

त्याच रात्री कार्ड रिकामं करा. फोल्डरचं नाव तारीख आणि जागा: "२०२६-०१-१४_भांडीबाजार". तीन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी: लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क, आणि एक दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. दुसरी प्रत उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

निवड त्याच दिवशी नको. दमणूक आणि आठवण दोन्ही मध्ये येतात. जो फोटो काढायला कष्ट पडले तो चांगला वाटतो. आठवड्याने बघा. ३०० मधून ३०, महिन्याने ३० मधून ५. डॉक्युमेंटरी मालिकेसाठी चार बाय सहाचे स्वस्त प्रिंट काढून जमिनीवर मांडा आणि हाताने हलवा. दोन फोटो तेच सांगत असतील तर एक उचलून बाजूला ठेवा, कितीही आवडता असो.

उजेड-काळोख, रंगाचा समतोल, थोडं कापणं, इतपत ठीक. खांब, वायर, मागचा माणूस पुसणं, आकाश बदलणं, एआयने काही भरणं नाही. मॅकरी यांच्या छायाचित्रांतल्या वस्तू हलवल्या-पुसल्याचं २०१६ मध्ये उघड झालं तेव्हा त्यांच्या जुन्या कामावरही प्रश्न उभे राहिले.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. कातडी किंवा फोमच्या बॅगेत कॅमेरा ठेवू नका, त्या ओल धरतात. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. रंग बदलणारं जेल निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवून परत वापरा.

पोट कसं चालतं

नाशिकमध्ये केवळ डॉक्युमेंटरीवर घर चालवणं अवघड आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं. बहुतेकांचं घर लग्नाच्या ऑर्डरी, कारखान्यांचं आणि द्राक्षबागांचं काम, संस्थांचे वार्षिक अहवाल यांवर चालतं. नोव्हेंबर ते मे लग्नसराई. म्हणून स्वतःचा विषय असा निवडा की तुमच्या रिकाम्या महिन्यांत त्यात काहीतरी घडत असेल.

हक्कांचं नीट समजून घ्या. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्ही. पण कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर मालकी पैसे देणाऱ्याची. नोकरीत काढलेले फोटो सहसा मालकाचे. छायाचित्राचा हक्क छायाचित्रकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तेव्हा काम घेण्याआधी एक साधा ईमेल लिहा: किती दिवस, किती फोटो, कुठे आणि किती काळ वापरणार, श्रेय कसं छापणार, आगाऊ किती. "सोशल मीडियासाठी" म्हणून घेतलेला फोटो उद्या होर्डिंगवर दिसला तर हा ईमेलच कामाला येतो. आगाऊ निम्मी रक्कम मागायला लाजू नका. टीडीएस कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, ते आयकर पोर्टलवर तपासा.

प्रिंटचा खर्च मात्र प्रत्येक अंदाजपत्रकात वेगळा धरा. ज्यांचा फोटो घेतला त्यांच्यासाठी चार बाय सहाची एक प्रत, मागे तारीख आणि जागा. भांडी बाजारात, खळ्यावर, घाटावर पुढच्या फेरीला जाताना ती पाकिटात बरोबर असू द्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो मोबाइल बदलला की जातो. कागदाचा फोटो आरशाच्या चौकटीत खोचला जातो, देव्हाऱ्याशेजारी लागतो. पाकिटावर नाव लिहा. माणूस भेटला नाही तर शेजारच्या दुकानात ठेवून या आणि वहीत त्या नावापुढे टिक करा.